मुलींच्या कॉलेजातलं कुलूप

बाजाराच्या मागच्या गल्लीत, चष्म्याचं दुकान आणि छापखाना यांच्या मधल्या फटीत किल्लीवाला बसायचा. फट म्हणजे फटच, दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंती लागायच्या. समोर फळी, फळीवर कानशी आणि तेलाची बाटली, मागे खिळ्याखिळ्यावर टांगलेल्या किल्ल्या. वारा आला की सगळ्या एकदम किणकिणायच्या आणि छापखानेवाला ओरडायचा, "आला बघा यांचा बँडबाजा!"

माणसाचे हात सोन्याचे, पण काळीज सशाचं. गिऱ्हाईक किल्ली घेऊन गेलं की हा तासभर घोर लावून बसायचा. बसली असेल ना कुलपात? मोडली तर नसेल? जेवताना घास हातात तसाच धरून म्हणायचा, "त्या डॉक्टरीणबाईंच्या कपाटाची किल्ली जराशी जाड राहिली वाटतं."

बायको म्हणायची, "घास तर जाड नाही ना? मग गिळा."

एवढं असूनही चाललं असतं, पण त्याला एक खोड होती. दाराला उघडं कुलूप लटकत दिसलं की याचा हात थांबायचा नाही. दार ओढायचं, कडी चढवायची, कुलूप दाबायचं आणि पुढे निघायचं. धंदा शिकवला तो मामानं. पोरवयात हा एका घराचं कुलूप दुरुस्त करून ते तसंच उघडं अडकवून आला आणि दुपारी त्या घरातली भांडीकुंडीसुद्धा गेली. मामानं मारलं नाही. त्या घरच्या म्हातारीसमोर नेऊन उभं केलं आणि म्हणाला, "सांग यांना, कोण विसरलं ते." तेव्हापासून उघड्या कुलपाशी याचं वैरच. या खोडीपायी एकदा सासरे गच्चीवर अडकले, एकदा शेजारीण कोळशाच्या खोलीत. सासऱ्यांनी वर्षभर जावयाशी अबोला धरला. बायको म्हणते तेवढं एक वर्ष बरं गेलं.

एकच लेक. तिला किल्ल्यांची आवड नव्हती, आकड्यांची होती. छापखान्याच्या रद्दी कागदांच्या पाठीवर गणितं सोडवत मोठी झाली. शाळेतल्या बाईंनीच तिचा अर्ज भरून मोठ्या शहरातल्या मुलींच्या कॉलेजात पाठवला. सव्वाशे वर्षांचं जुनं कॉलेज, राहणं-जेवण, पुस्तकं सगळं तेच बघायचे. जागा वीस, आणि मुलाखतीला बोलावलेल्या मुली ऐंशी, रोज थोड्याथोड्या. लेकीची पाळी शेवटच्या दिवशी. तिच्या अर्जाचा नंबर एकेचाळीस. जागा मिळाली नाही तर पुढचं शिक्षण बंद, हे घरात कुणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

निघताना बायकोनं डबा हातात दिला आणि बजावलं, "तिथं कशाला हात लावू नका. हात खिशात. आणि ती तारबीर घेऊन जाऊ नका, लोक चोर समजतील."

"नाही घेत," तो म्हणाला. तार कोटाच्या शिवणीत होती. दिवाळखोर झाला तरी सोनार तराजू सोडत नाही, तसं ते.

कॉलेजनं पत्रात लिहिलं होतं, मुलाखत दुपारी तीनला, पण पालकांसह अकराला या, वास्तू दाखवू. सकाळी पावसाची एक सर येऊन गेली होती, फरशा अजून ओल्या होत्या. फाटकावर एक मावशी बसल्या होत्या, स्टुलावर, पण अशा की जणू सिंहासनावर. त्यांनी सांगून टाकलं, "बारापर्यंत पुरुषांना आत सोडते. बारानंतर माझा सख्खा भाऊ आला तरी नाही."

आत माहिती सांगायला एक तरुण बाई होत्या. पंधरा-वीस जणांचा घोळका त्यांच्यामागे. सुरुवातीला कॉलेजात नऊच मुली होत्या म्हणे, आणि लोक दगड मारतील म्हणून खिडक्यांना आतून गाद्या लावायचे. जिन्याच्या पायऱ्या मधोमध खोलगट झालेल्या. बाई म्हणाल्या, "या पायऱ्या मुलींच्या पावलांनी झिजल्यात." लेकीनं त्या खळग्यात पाय ठेवून पाहिला, काढला, पुन्हा ठेवला. वाचनालय गोल, वर काचेचा घुमट, प्रत्येक टेबलाला आपापला दिवा. लेक त्या दिव्याकडे असं बघत होती की किल्लीवाल्यानं मान दुसरीकडे फिरवली. नाही मिळालं तर हे डोळे घेऊन घरी जायचं, त्याच्या मनात आलं.

घोळका पुढे सरकला. हा मागे रेंगाळला, कारण प्रत्येक दाराचं कुलूप वेगळं आणि एकेक शंभर वर्षांचं. पहिल्या मजल्याच्या टोकाला, कोपऱ्यात वळून, एक जाड दार अर्धवट लोटलेलं. कडी मोकळी, आणि कोयंड्यात पितळेचं हे एवढं कुलूप, उघडं. आजूबाजूला चिटपाखरू नाही.

हात खिशात होते. निघाले कधी, त्यालाही कळलं नाही. दार ओढलं, कडी चढवली, कुलूप दाबलं. खट्ट! असा गोड आवाज की याचं मन निवलं. मग धावत जाऊन घोळक्यात मिसळला.

बाराला सगळे बाहेर. तीनपर्यंत करायचं काय? लेक म्हणाली, "बाबा, एवढ्या लांब आलोय तर शहर बघू. बसून राहिले तर पाठ केलेलंही विसरेन."

नदीकाठची बाग पाहिली. तिथल्या काचघरात पानं अशी मोठी की एकेका पानावर मूल निजवावं. बाकावर बसून डबा खाल्ला. ती मधूनच म्हणायची, "बाबा, समजा त्यांनी विचारलं, तुला इथंच का शिकायचंय?" आणि हा म्हणायचा, "सांग, मला आवडतं."

"असं नाही सांगत, बाबा."

"मग आवडत नाही म्हणून सांगायचं?"

मग पुलावरून चालत संग्रहालयात गेले. मधल्या दालनात छताला देवमाशाचा सांगाडा टांगलेला. लेक मान वर करून त्याच्या बरगड्या मोजत होती. एवढ्यात एक म्हातारे गृहस्थ आत आले, छत्री मिटली आणि दाराच्या चौकटीला टेकवून ठेवली. बाहेर पुन्हा भुरभुर सुरू झाली असावी. छत्रीच्या टोकातून थेंब गळला. आणखी एक. फरशीवर छोटं थारोळं झालं.

किल्लीवाला त्या थारोळ्याकडे बघत राहिला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. असं थारोळं त्यानं सकाळी पाहिलं होतं. त्या जाड दाराच्या चौकटीला काळी छत्री टेकवलेली होती. बायकी, मुठीला लाल दोरा. ओली.

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

तो दुसऱ्या दालनात गेला, परत आला. कुणीतरी उघडलं असेल एव्हाना, असं त्यानं मनाला समजावलं. मन ऐकेना. नसेल उघडलं तर? म्हातारी असेल, दम्याची असेल. आणि जाऊन सांगितलं तर? "हा बघा, एकेचाळीस नंबरचा बाप, यानंच आमच्या माणसाला कोंडलं." मग कसली मुलाखत आणि कसलं काय! इकडे आड, तिकडे विहीर. कपाळावर घाम आला तसा त्यानं कोटाच्या बाहीनंच पुसला.

लेकीचं लक्ष गेलं. "बाबा, मुलाखत माझी आहे. घाम तुम्हाला का येतोय?"

"छत्री होती," तो म्हणाला.

"कुठली छत्री?"

"दाराला. सकाळी. ओली होती गं."

"बरं, ओली होती. मग?"

"ओली म्हणजे कुणीतरी नुकतंच आलेलं. आणि मी..." त्यानं अंगठ्यानं हवेत दाबून दाखवलं.

बापाचा तो अंगठा लेक जन्मापासून ओळखत होती. तिचा चेहरा पांढरा पडला. "बाबा! इथं? आजच्या दिवशी?"

"मी जातो. तू इथंच थांब, तीनला सरळ मुलाखतीला जा. आपली ओळखच नाही म्हणून सांग."

"आडनाव एक, नाक एक, आणि ओळख नाही म्हणून सांगू?" ती रडकुंडीला आली होती, पण पाय आधीच दाराकडे निघाले होते. "चला. माणूस कोंडलंय तिथं."

पूल पळत ओलांडला. पुढे चौकात जुनं टॉवरचं घड्याळ. त्याची मोठी मजा सांगतात, दोनचे ठोके पडायच्या आधी त्यातून लाकडी बाहुल्या बाहेर येतात आणि गोल फिरतात. ते बघायला ही गर्दी. माणसाला माणूस चिकटलेलं, सगळ्यांच्या माना वर. "जाऊ द्या हो, जरा वाट द्या," म्हणत हा घुसायला गेला तर एक बाई फणकारल्या, "आम्ही बाहुल्या बघायला आलो नाही का? थांबा की!" दहा मिनिटं दोघं त्या गर्दीत पाचरीसारखी अडकली. वर लाकडी लोहार लाकडी ऐरणीवर हातोडा घालत होता. प्रत्येक घाव याच्या छातीवर.

फाटकाशी पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. मावशी स्टुलावरच.

"मावशी, वर पहिल्या मजल्यावर टोकाच्या खोलीत कुणीतरी कोंडलं गेलंय."

"जुन्या दप्तरांच्या खोलीत? तिथं कुणी नसतं. आणि तुम्हाला इथं फाटकाबाहेर उभं राहून कसं दिसलं?"

आता आलं का! किल्लीवाल्यानं एकदा लेकीकडे पाहिलं. ती खाली बघत होती. तो म्हणाला, "कारण मीच कोंडलंय. कुलूप मी लावलं."

मावशी उठून उभ्या राहिल्या. बहुधा वर्षातून पहिल्यांदाच. त्या आत गेल्या आणि पाच मिनिटांत पदर सावरत धापा टाकत परत आल्या. "अहो, आत मोठ्या बाई आहेत! मुलाखती घेणाऱ्या! सगळे समजत होते, बाई जेवायला घरी गेल्या. आणि त्या खोलीची किल्ली कधीचीच हरवलीय, म्हणून तर ते कुलूप नुसतं अडकवलेलं असतं!"

तेव्हा काही खिशाखिशात फोन आलेले नव्हते.

"सुताराला बोलावते, दार फोडू," मावशी म्हणाल्या.

"फोडू नका!" किल्लीवाला ओरडलाच. "शंभर वर्षांचं दार आहे. मला दोन मिनिटं आत सोडा."

"बारानंतर पुरुष नाही."

"मावशी, अहो माणूस आत..."

"माझी नोकरी बाराच्या नियमावर आहे. एकोणीस वर्षं. तुमच्यापायी मोडू?"

तेव्हा लेक पुढे झाली. "बाबा, तार द्या."

"तुझ्याकडून व्हायचं नाही. जुनं तेल आत वाळून दगड झालेलं असणार. लहानपणी हात लावला होतास तेवढाच."

"तार द्या, बाबा."

शिवण उसवून त्यानं तार दिली. ती मावशींबरोबर आत पळाली, आणि हा बाहेर एकटा. पण त्या खोलीची खिडकी रस्त्यावर होती. कुंपणाच्या कडेकडेनं पळत तो तिच्या खाली जाऊन उभा राहिला. वर गजांमागे पांढऱ्या केसांचं डोकं.

"बाई!" त्यानं हाक मारली.

"अखेर!" वरून आवाज आला. घसा बसलेला होता. "अडीच तास ओरडतेय. लोक खालून हात हलवून पुढे जातात! कोण तुम्ही?"

"कुलूप लावणारा."

"कॉलेजचे नोकर?"

"नाही, बाई. बाहेरचा. खोड आहे माझी. आत माणूस आहे का बघितलं नाही. चूक माझी, एकट्याची. दाराशी माझी मुलगी आलीय, ती उघडेल. तुम्ही फक्त मी सांगतो ते तिला सांगा. माझा आवाज तिथवर पोचायचा नाही."

आणि मग त्या रस्त्यानं कधी पाहिलं नसेल असं चाललं. खालून हा ओरडायचा, "तार तोंडाशी वाकव म्हणावं, नखाएवढी!" मोठ्या बाई मागे वळून दाराशी जायच्या, सांगायच्या, खिडकीशी परत यायच्या. "ती म्हणतेय, तार शिरते पण वळत नाही."

"घाई करू नको म्हणावं. आधी कुलपातली सगळ्यात आतली पट्टी उचल."

बाई गेल्या, आल्या. "म्हणतेय, मला माहीत आहे."

"माहीत आहे तर उघडत का नाही?"

"हेही सांगू का तिला?"

"नको, नको!"

रस्त्यावर पाच-पंचवीस माणसं जमली. एकानं विचारलं, "काय चाललंय?" दुसरा म्हणाला, "मुलीला दूरवरून शिकवतायत." कुणी हसलं. दोन वाजून पस्तीस मिनिटं. तीनला मुलाखत, तिची बोटं काळी होणार. आणि जिनं प्रश्न विचारायचे तीच कोंडलेली.

मोठ्या बाई पुन्हा खिडकीशी आल्या. "मुलीचा नंबर काय?"

खोटं सांगावं? पण दार उघडल्यावर तिचा चेहरा दिसणारच होता. "एकेचाळीस," तो म्हणाला.

तेवढ्यात वरून पितळेचं कुलूप फरशीवर आपटल्याचा खणकन आवाज आला आणि पांढरं डोकं गजांमागून नाहीसं झालं.

तो फाटकाशी परत आला. मावशींनी स्टूल पुढे सरकवलं, पण तो बसला नाही. सव्वातीन झाले. साडेतीन. आत घंटा वाजली की हा दचकायचा. चारच्या सुमारास लेक बाहेर आली. बोटं धुतलेली, तरी नखांत काळं.

"काय झालं? काय म्हणाल्या?"

"तिघी बसल्या होत्या. मोठ्या बाईंनी खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली. शेवटपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. प्रश्न दोघींनीच विचारले."

"रागावल्या."

"मला काय माहीत, बाबा. पहिलंच गणित चुकलं. खडूच मोडला."

"मग?"

"मग दुसरं सोडवलं. तिसरंही. पण पहिलं चुकलं ना." ती फाटकाच्या दगडावर टेकली. नाक ओढलं. बापानं रुमाल पुढे केला, त्यावर तेलाचे डाग होते, म्हणून तिनं घेतला नाही.

"चूक माझी," तो म्हणाला.

"किती वेळा सांगाल? सगळ्या रस्त्याला सांगून झालंय."

पाचला मोठ्या बाई बाहेर निघाल्या. हातात ती लाल दोऱ्याची छत्री. किल्लीवाल्यानं हात जोडले. बाई थांबल्या, त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मला तुमचा राग आलाय," त्या म्हणाल्या. "अजून गेला नाही. रागावलेल्या माणसानं गुण देऊ नयेत, म्हणून मी दिले नाहीत. बाकी दोघींनी काय केलं, ते मी विचारलं नाही." आणि गेल्या. चालताना कमरेवर हात, अडीच तास उभं राहून अवघडल्या होत्या बिचाऱ्या.

आता याचा अर्थ काय घ्यायचा? बरा की वाईट? किल्लीवाला उलटसुलट करून बघत राहिला. मोठ्या बाईंचे गुण नाहीत म्हणजे तिघींऐवजी दोघींचेच. कमीच ना? का सगळ्यांचं मिळून काढतात? मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "मला फाटकातलं विचारा. आतलं नाही."

साडेपाचला आतल्या फळ्यावर कागद लागला. पुरुषांना आत नाहीच. लेक गेली. मुलींची झुंबड त्या कागदापुढे, हा फाटकाच्या गजांना धरून. एक मुलगी उड्या मारत निघाली. दोन रडत निघाल्या. एक नुसतीच चालत गेली, तिच्या आईनं काही विचारलं नाही. मग लेक दिसली. चालण्यावरून काही कळेना. डोळ्यांवरून काही कळेना. अंगण पार करायला तिला किती वेळ लागतोय! याच्या हातांना गजांचा गंज लागला होता.

ती फाटकाबाहेर आली. बापासमोर उभी राहिली. "बाबा, सतरावी."

"जागा किती?"

"वीस."

जागा किती ते त्याला महिनाभर ठाऊक होतं. तरी तो पुन्हा म्हणाला, "वीस ना? नक्की? पंधरा-बिंधरा केल्या नाहीत ना?"

"वीस, बाबा. मी तीनदा वाचलं. मावशी, तुम्ही सांगा यांना."

"मी फाटकातलंच..." मावशी म्हणायला लागल्या, पण मग त्यांचंच त्यांना हसू आलं. "वीस हो, वीस. दरवर्षी वीसच."

किल्लीवाला मटकन पदपथावर बसला. लेक म्हणाली, "बाबा, उठा, सहाची बस आहे. आई वाट बघत असेल." त्यानं मान हलवली, पण उठला नाही. मग तीही त्याच्या शेजारी टेकली. रिकामा डबा मांडीवर घेतला.

सहाची बस कोपऱ्यावरून वळली, थांबली, घंटी वाजवून निघून गेली.

"पुढची सातला आहे," मावशी स्टुलावरून म्हणाल्या. "बसा. बाहेर बसायला काही नियम नाही."